न आठवलेली लढत

खुर्चीत एक आजोबा तोंड उघडून बसलेले, त्यांची दाढ मी अर्धी भरलेली, आणि उज्ज्वलाच्या भावाचा, रोहितचा फोन आला. माझ्या हातांत रबरी मोजे होते म्हणून आमच्या सिस्टरनं फोन कानाला लावला. "अक्का, ताई गेली," तो म्हणाला. मी विचारलं, "कुठं गेली?" गेल्या वर्षभरात असे फोन दोन-चारदा येऊन गेले होते. उज्ज्वला घरात कुणाला न सांगता बाहेर पडायची, गारगोटीच्या स्टँडवर जाऊन कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत बसायची. मग ओळखीचं कुणीतरी तिला घरी आणून सोडायचं. मला वाटलं तसंच काहीतरी असेल. आधी स्टँडवर बघ, मग शाळेकडं बघ, असं मी सांगायला लागले, तर पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. "न्हाय अक्का... तशी न्हाय. गेली."

अर्धी भरलेली दाढ तशीच सोडता येत नाही. मी ती पुरी केली. आजोबांना या बाजूनं आज चावू नका म्हणून सांगितलं, हात धुतले, आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. बाहेर कोल्हापूरच्या राजारामपुरीतला सकाळचा गोंधळ नेहमीसारखाच चालू होता. क्लासला निघालेली पोरं, रिक्षा, समोरच्या दुकानाचं शटर... मला एवढंच कळत होतं की मघाशी मी "कुठं" असं विचारलं, आणि त्या प्रश्नाला आता काही उत्तर नाही.

उज्ज्वला कांबळे हे नाव काही वाचकांच्या कानावरून गेलं असेल. मिक्स्ड मार्शल आर्ट्स या खेळात तिनं बरीच वर्षं काढली. बॉक्सिंग, कुस्ती, ज्युदो, लाथा, सगळं एकाच जाळीच्या पिंजऱ्यात चालणारा हा खेळ. आपल्याकडे तो अजून फारसा कुणाला कळत नाही. 'ती मारामारीवाली पोरगी' अशीच तिची ओळख होती. माझ्याकडे मात्र ती आली ती कुस्तीगीर म्हणून, आणि तीही तुटलेला दात मुठीत घेऊन. कॉलेजात होती तेव्हा. समोरचा दात निम्मा उडालेला, ओठ सुजलेला, ढगळ टी-शर्ट, आणि केसांत लाल मातीचे कण. सोबत तिचे वडील. ते एसटीत ड्रायव्हर होते, खाकी कपड्यांतच आले होते. मी दात बघत होते आणि ही तोंडात माझी बोटं असतानाच बोलत होती. मी म्हटलं, "आधी तोंड उघडं ठेव, मग बोल." तर बोटं बाजूला करून म्हणाली, "मॅडम, दात काढू नका हां. आई लई वरडंल. जोडा कसंतरी." वडील दारातून म्हणाले, "आई वरडंल म्हणून न्हवं, लगीन जमणार न्हाय म्हणून वरडंल." आणि बापलेक दोघंही हसायला लागले. तुटक्या दातानं, सुजल्या ओठानं ती जशी हसली, तसं हसणारं माणूस त्या खुर्चीत मी पूर्वी बघितलं नव्हतं.

दात बसवायला तिला बऱ्याचदा यावं लागलं. त्या खेपांत ओळख वाढली. माझा धाकटा भाऊ मला अक्का म्हणतो हे तिनं ऐकलं; आम्ही जैन, आमच्या शिरोळ भागात थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. पुढच्या खेपेला मॅडम गळून पडलं आणि मी तिचीही अक्का झाले. आमच्या भागातल्या बायकांसारखी तीही 'मी येतो, मी जातो' असंच बोलायची, आणि तिच्या तोंडी ते अगदी शोभायचं. गारगोटीत घराच्या मागं आबांनी, म्हणजे वडिलांनी, स्वतःच्या हातानं मातीचा हौदा केला होता. तरुणपणी ते स्वतः कुस्ती खेळलेले. ताक, हळद, तेल घालून मळलेल्या त्या मातीत उज्ज्वला आणि तिचा धाकटा भाऊ रोहित रोज सकाळी घुमायचे. "रोहित्याला पाडून पाडून शिकलो मी," ती सांगायची. रोहितही ते कबूल करायचा. पुढं तो कुस्ती सोडून मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात लागला, पण बहिणीची प्रत्येक लढत त्यानं सोबत जाऊन बघितली.

कुस्तीतून ती बाहेर का पडली, हे तिनं मला एकदाच सांगितलं. मलकापूरच्या बाजूला एका गावच्या जत्रेत पोरींच्या कुस्त्या होत्या. पहिली कुस्ती हिनं चितपट केली. लोकांनी फेटा बांधला, माइकवरच्या माणसानं पूर्ण नाव विचारलं, हिनं सांगितलं. त्यानं ते आडनावासकट पुकारलं. पुढच्या कुस्तीला जी पोरगी उतरणार होती, तिच्या पोटात अचानक दुखायला लागलं. तिच्यानंतरचीच्याही. "आणि मी आपली मातीत हुबी," उज्ज्वला सांगत होती, "अंगाला माती लावून. लोक निवांत बसल्यात. माइकवाला म्हणतोय, पावणं, कोण हाय का जोडीला? कोण न्हाय. आबा कडंला हुबं हुतं. त्यांनी नुसता हात केला, चल म्हणून." परत आल्यावर आबांनी घरात बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली आणि मग म्हणाले, "माती सोडू नको बाळा. मातीचा काय दोष न्हाय." तिनं माती लगेच सोडली नाही. पण निवड चाचणीत दोनदा मागं राहिली, खांदा दुखावला, आणि ज्या वर्षी सगळंच थांबल्यासारखं झालं, त्या वर्षी राजारामपुरीतल्या एका टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये कुणीतरी हा नवा खेळ शिकवतंय असं तिच्या कानावर आलं.

पहिल्या दिवशी तिथं जाऊन ती सरळ माझ्याकडे आली होती. डोळे चमकत होते. "अक्का, कुस्तीत चीत केलं की संपलं. हितं चीत केल्यावर सुरू हुतंय!" खाली पाडलेल्या माणसाला मारायचं, हा कसला खेळ, असं मी म्हटलं. ती गंभीर झाली. म्हणाली, "हितं दार लावून घेत्यात. आत दोघीच. आडनाव कोण इचारत न्हाय, पोटात दुखतंय म्हणून कोण पळत न्हाय. जी आत आली ती लढणार."

तेव्हापासून तिचे माउथगार्ड मी करायला लागले. दातांवर बसवायचं ते मऊ कवच, ठोसा बसला तर दात आणि जबडा वाचावा म्हणून. बाजारात मिळतं ते गरम पाण्यात मऊ करून चावायचं असतं, पण ते नीट बसत नाही. मी तिच्या दातांचं माप घेऊन करायची. रंग निळाच हवा असा तिचा हट्ट होता. प्रत्येक लढतीआधी ती येऊन बसवून बघायची, आरशासमोर उभी राहून मुठी वळायची, आणि तोंडात निळं कवच असताना काहीतरी बोलायची, जे मला कधीच कळायचं नाही. मग ती आणि सिस्टर खिदळायच्या.

पहिली मोठी लढत मी गारगोटीला त्यांच्या घरी बसून पाहिली. रोहित तिच्याबरोबर मुंबईला गेला होता. शेजारच्या पोरांनी टीव्हीला मोबाईल जोडून दिला होता. घर माणसांनी भरलेलं. पिंजऱ्याचं दार लागलं तशी खोली गप्प झाली. पहिले काही ठोसे तिला बसले आणि तिच्या आईच्या तोंडून प्रत्येक ठोशाला बारीक आवाज येत होता, जणू तो त्यांनाच बसतोय. आबा मात्र उभे राहून ओरडत होते, "कंबर धर तिची! कंबर धर!" आणि तिनं कंबर धरली. उचलून आपटली, पाठीवर गेली आणि गळ्याला हात घातला. समोरच्या पोरीनं जमिनीवर हात आपटून हार मानली. खोलीत जो दंगा झाला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. पुढच्या आठवड्यात स्टँडजवळ तिचा फ्लेक्स लागला. शाळेत सत्कार झाला, मोटारसायकलींची रॅली निघाली. ती त्या फ्लेक्सकडं बघून म्हणाली, "नाक बगा की माझं, कसलं काढलंय."

पण त्या फ्लेक्समागचं मला माझ्या खुर्चीत दिसायचं. लढतीआधी वजन ठरलेल्या आकड्यावर आणावं लागतं. त्यासाठी शेवटचे दिवस ही मुलं जेवण तर सोडतातच, पाणीही तोडतात. एका दुपारी ती मुंबईच्या गाडीआधी माउथगार्ड न्यायला आली. ओळखू आली नाही. गाल आत गेलेले, ओठांना चिरा, आणि हातात एक रिकामी बाटली. त्या बाटलीत ती थुंकत होती. तोंडातली लाळसुद्धा वजन म्हणून बाहेर टाकायची. सिस्टरनं माझ्यासाठी चहा आणला होता. उज्ज्वला म्हणाली, "अक्का, जरा हिकडं द्या." मला वाटलं पिते आहे. तिनं कप दोन्ही हातांत धरला, डोळे मिटून वास घेतला, आणि तसाच परत दिला. तो चहा मला जाईना.

लग्नाचंही एकदा अगदी जवळ आलं होतं. मुलगा मलकापूरकडचा, शाळेत मास्तर, बोलायला चांगला. त्याला तिच्या खेळाचं कौतुक होतं, फोटो लावायचा फोनवर. एका लढतीनंतर तो तिला भेटायला आला, तेव्हा तिचा एक डोळा पूर्ण बंद झालेला, कपाळाला टाके. तो तासभर बसला आणि तासभर भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलला. उज्ज्वलानंच मग त्याची सुटका केली. "तुमच्यानं बघवत न्हाय न्हवं? मग राहू दे. राग न्हाय माझा." तो रडला म्हणे. हे तिनं मला हसत सांगितलं, पण त्यानंतर कितीतरी महिने ती लढतीनंतर सूज उतरेपर्यंत कुणालाच भेटायची नाही. मलासुद्धा.

मग आखातातली ती लढत झाली. समोरची पोरगी उंच होती, लाथा मारण्यात तयार. दुसऱ्या फेरीत तिची लाथ उज्ज्वलाच्या कानाच्या वर बसली आणि उज्ज्वला उभ्या उभ्या कोसळली, हात खाली टेकण्याचंही भान न राहता. मी नंतर ती एकदाच बघितली. पुन्हा बघण्याची हिंमत झाली नाही. आल्यावर ती दात ठणकतोय म्हणून आली. मी तपासत होते. तिनं विचारलं, "अक्का, तुमच्या आईचा गुडघा कसा हाय?" मी सांगितलं. थोड्या वेळानं परत विचारलं, "आईचा गुडघा कसा हाय?" मी सांगितलं. उठून निघताना दारात थांबून म्हणाली, "आणि व्हय, आईचा गुडघा?" सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. मी उज्ज्वलाला परत बसवलं, ओळखीच्या मेंदूच्या डॉक्टरांना फोन लावला, आणि त्याच दुपारी तिला घेऊन गेले.

तपासण्या झाल्या. डॉक्टर वयस्क, शांत माणूस. त्यांनी तिला समजेल असं सांगितलं: हा पहिला मार नाही, आधीचेही आत साठलेले आहेत. पुढचा मोठा मार बसला तर मी काही करू शकेन असं नाही. खेळ थांबव. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "थांबतो." तिथल्या तिथं, एका शब्दात. आबा गारगोटीहून आले होते, ते भिंतीला टेकून खाली बसले, आणि तिथंच बसून राहिले.

आणि ती खरंच थांबली. वर्षभर तिनं टायरच्या दुकानावरच्या त्या हॉलमध्ये पोरींना शिकवलं. खेडोपाड्यांतून पोरी यायच्या. डोकेदुखी कमी झाली, वजन जरा वाढलं, चेहऱ्यावरच्या खुणा फिकट झाल्या. आम्हाला सगळ्यांना वाटलं, वाचली.

मग तिला दिल्लीच्या एका लढतीसाठी बोलावणं आलं. मला ते कळलं ते आबांकडून. ते न कळवता क्लिनिकवर आले, पेशंट संपेपर्यंत बाकड्यावर बसून राहिले आणि मग म्हणाले, "मॅडम, तुमचं ऐकती ती. माझं आता ऐकंना झालीय. म्या हात जोडलं तिला. बापानं लेकीला हात जोडल्यालं बगितलं न्हवतं कुणी आमच्यात." मी तिला बोलावून घेतलं. ती आली, पण खुर्चीत न बसता खिडकीशी उभी राहिली. मी जे बोलायचं ते सगळं बोलले. डॉक्टरांचे शब्द आठवून दिले. आईचं नाव काढलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"अक्का, मला ती हार आठवत न्हाय."

मला समजलं नाही.

"आखातातली. मी आत गेलो एवढं ठावं हाय. दार लागलं. त्येच्यानंतर डायरेक दवाखान्यातली बत्ती. मधलं न्हायच. लोक सांगत्यात तू पडलीस. व्हिडिओत बगतो, तर दुसरीच कोणतरी पडल्यागत वाटतंय. इतकी वर्सं लढलो, आणि शेवट मला म्हाईतच न्हाय. जत्रंत हरलो न्हवतो तरी परत आलो, ते पचवलं. समोरासमोर हरलो असतो तर त्येबी पचवलं असतं. न आठवणारी हार कशी पचवू सांगा की?... एकच. एकच लढतो. जिकू न्हायतर हरू. पण आठवणारी. मग थांबतो."

मी म्हटलं, "उज्ज्वला, तू त्या वेळी परत आलीस ते नशीब. मी माउथगार्ड करून देणार नाही."

ती हसली. चिडली नाही. जवळ आली, आमच्या घरात धाकटे करतात तसं वाकून माझ्या पाया पडली, जे तिनं आधी कधी केलं नव्हतं, आणि म्हणाली, "तुम्ही करू नका. बरोबर हाय तुमचं. जुनं हाय माझ्याकडं."

दिल्लीची लढत मी बघायची नाही असं ठरवलं होतं. बघितली. सगळ्या फेऱ्या पूर्ण झाल्या, आणि त्यातली प्रत्येक फेरी कशी गेली हे सांगायचा मला उत्साह नाही. तिनं घेतलेला मार मोजण्यापलीकडचा होता, आणि दिलेलाही. शेवटच्या फेरीत तिनं समोरचीला उचलून आपटलं आणि घंटा होईपर्यंत वर चढून दाबून धरलं, तिथं ती लढत फिरली. पंचांनी निकाल दिला, रेफ्रीनं तिचा हात वर केला. कोल्हापुरात फटाके वाजले. पण पडद्यावर मला दिसलं की हात वर असताना ती समोरच्या पोरीच्या माणसांकडं बघून मान हलवत होती, आपलीच माणसं समजून. रोहित दुसऱ्या बाजूनं तिला हाका मारत होता.

परतीच्या प्रवासात ती खिडकीशी बसली होती. रोहितनं मला हे पुष्कळ दिवसांनी सांगितलं. तो तिला डबा उघडून देत होता, तर ती म्हणाली, "नको, वजन हुईल. फाईट कधी हाय?" त्याला वाटलं थट्टा करतेय. तो म्हणाला, "झाली की फाईट. जिकलीस की." ती त्याच्याकडं बघत राहिली. मग हळूच विचारलं, "कवा?"

ज्यासाठी ती गेली, तेवढंच तिला मिळालं नाही.

त्यानंतरची वर्षं लिहायला हात उचलत नाही, पण ती गाळली तर उज्ज्वला अर्धीच सांगितल्यासारखं होईल. आधी उजेड सोसेना झाला. दिवसासुद्धा खिडक्या बंद. मग झटके यायला लागले, ज्याला आपण फिट येणं म्हणतो. गोळ्यांनी ते कमी झाले, पण गोळ्यांनी ती दिवसभर पेंगायची. अधूनमधून एकदम संतापायची, हाताला येईल ते फेकायची, आणि मग फेकलेलं आपणच उचलत रडायची. शिकवणं सुटलं. कोल्हापूर सुटलं. आई तिला न्हाऊ घालायची, वेणी घालायची. ज्या हातांनी तिनं एवढ्या जणींना उचलून आपटलं, त्या हातांनी तिला भाकरीचा तुकडा मोडता येईना. आबा निवृत्त झाले होते. ते दिवसभर घरीच असायचे. लोक सुरुवातीला यायचे, फोटो काढायचे, मग यायचे थांबले. लोकांचं तरी काय चुकलं... त्यांना फ्लेक्सवरची पोरगी माहीत होती.

संध्याकाळी, उजेड उतरला की ती पुढच्या पायरीवर येऊन बसायची. तो तिचा बरा वेळ. तेव्हा ती आबांना विचारायची, "आबा, दिल्लीला काय झालं?" आणि आबा सांगायचे. सांगता यावं म्हणून त्यांनी रोहितकडून ती लढत पुन्हा पुन्हा लावून घेऊन पाठ केली होती. लेकीला बसलेला प्रत्येक ठोसा त्यांनी त्यासाठी किती वेळा बघितला असेल, देव जाणे. सांगताना मात्र ते मार कमी करून सांगायचे आणि डाव वाढवून. ती गुडघ्यावर हनुवटी ठेवून ऐकायची. शेवटी रेफ्री दोघींच्या मधे येऊन उभा राहिला की आबा थांबायचे, कारण तिथं ती नेहमी विचारायची, "मग? कोण जिकलं?" आबा तिचा हात धरून वर करायचे. "तू की!" आणि तिच्या चेहऱ्यावर ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसू यायचं. असं मी स्वतः बघितलंय. पण एकदा असंही बघितलंय की हात वर असताना तिचे डोळे भरून आले आणि ती म्हणाली, "मग मला का आठवत न्हाय, आबा?" आबांनी तिचा हात खाली घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

माझी तिची शेवटची भेट ती जायच्या महिनाभर आधीची. मी दारात उभी राहिले. ती माझ्याकडं बघत होती, कपाळाला आठ्या घालून, शोधत. आई म्हणाल्या, "उज्जे, कोण आलंय बग?" तिला नाव सापडेना. अक्काही सापडेना. मी जवळ जाऊन तिच्यासमोर बसले, तशी तिनं मान मागं टेकवली आणि तोंड उघडलं... दात दाखवायला. नाव गेलं होतं, पण मी समोर आले की तोंड उघडायचं एवढं तिच्यात राहिलं होतं. मी बघितलं. मी बसवलेला तो समोरचा दात तसाच, घट्ट होता. मी म्हटलं, "छान आहेत. मिट आता." तिनं शहाण्यासारखं मिटलं.

ती झोपेत गेली. झटका आला असणार असं डॉक्टर म्हणाले. सकाळी आई उठवायला गेल्या तेव्हा अंग गार पडलं होतं. मी पोचले तेव्हा अंगणात पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमली होती. त्रिशरण पंचशील झालं. तिनं शिकवलेल्या पोरी आल्या होत्या, काहींच्या डोळ्यांखाली निळे डाग, काहींचे कान सुजलेले. त्यांनी खांदा दिला. कुणी अडवलं नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशीही त्या आल्या, ओळीनं बसल्या, आणि त्यातल्या एकीनं मला जाताना विचारलं, "मॅडम, माउथगार्ड तुम्हीच करताय न्हवं?" मी तिला हो म्हटलं, आणि आधी मेंदूच्या डॉक्टरांकडं जाऊन येशील तर, असंही म्हटलं. ती बघू म्हणाली.

परवा पुन्हा गारगोटीला गेले होते. काही काम नव्हतं, नुसतीच. आई चुलीपुढं भाकरी थापत होत्या, रोहित दुकानातून यायचा होता. उजेड उतरला तसे आबा उठले आणि पुढच्या पायरीवर जाऊन बसले, डाव्या बाजूला जागा सोडून. मी दारात उभी होते. त्यांनी मागं वळून बघितलं नाही. मला वाटलं नुसते बसलेत. मग त्यांचा आवाज ऐकू आला, बारीक, कुणाला तरी सांगतात तसा. "...तर दार लागलं. ती आली अंगावर. तू काय केलंस, डावा हात असा वर घेतलास..." सगळं सांगितलं त्यांनी. एकही फेरी गाळली नाही. रस्त्यानं जाणारा एकजण थांबला, बघितलं, आणि मान खाली घालून पुढं गेला. आत भाकरी थापायचा आवाज कधी थांबला ते मला कळलं नाही.

"मग घंटा झाली," आबा म्हणाले. "दोघी हुब्या. मधी रेफ्री."

आणि ते थांबले. नेहमीसारखे. तिनं विचारायचं तिथं.

विचारावं असं माझ्या मनात आलं. आईंच्याही आलं असेल; त्या पिठाचे हात घेऊन माझ्या मागं येऊन उभ्या होत्या. पण तो प्रश्न आमच्यापैकी कुणाचाच नव्हता. आबांचा हात अर्धा वर उचललेला होता. अंधार पडेपर्यंत तो तसाच राहिला.